भाकरी कुणाची, पगार कुणाचा?

इंग्लंडमध्ये कमावता मुलगा आईवडिलांकडेच राहत असेल, तर बऱ्याच घरांत तो दर महिन्याला ठरलेली रक्कम आईच्या हातावर ठेवतो, असं आपल्याकडे कुणाला सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आई पोटच्या पोराकडून जेवणाचे पैसे घेते?" त्यानंतर येतो तो थेट निकाल, "म्हणूनच त्या लोकांना म्हातारपणी कुणी विचारत नाही." हातातला चहा संपायच्या आत एका अख्ख्या समाजाचा पंचनामा उरकलेला असतो.

तर हो, घेते. कुठे या पैशाला 'कीप' म्हणतात, उत्तर इंग्लंडात 'बोर्ड', स्कॉटलंडात 'डिग मनी'. तिथली घरभाडी अशी भडकली आहेत की मुलं घर सोडायला तयार नाहीत. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये आईवडिलांकडे राहणारी सज्ञान मुलं ४९ लाख भरली, दहा वर्षांपूर्वी ती ४२ लाख होती. साहजिकच 'किती घ्यायचे' हा वाद घराघरांत आहे. कुणी पगाराचा तिसरा हिस्सा घेतं, कुणी विजेच्या आणि किराण्याच्या खर्चात वाटा मागतं. काही आया हे पैसे गुपचूप बाजूला टाकतात आणि मुलगा स्वतःचं घर घ्यायला निघाला की त्याच्यापुढे ठेवतात. ही आई आपल्याला फार आवडेल, पोस्टात आरडी काढणारी, अगदी ओळखीतली. मला मात्र ती जरा लबाड वाटते. घर चालवायला हवेत म्हणून पैसे मागायचे, आणि पाच वर्षांनी पोराला कळायचं की घराचं त्यांच्यावाचून काहीच अडलं नव्हतं!

पण या प्रथेत थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती रकमेच्या आकड्यात सापडत नाही. आपण गृहीत धरतो की पूर्वी मुलं घरी सुखानं फुकट राहत होती आणि मग कधीतरी आईबापांचं काळीज दगडाचं झालं. घडलं नेमकं उलटं. पूर्वी अख्खा पगारच आईचा होता.

१९००च्या आसपासचं लँकेशरमधलं प्रेस्टन घ्या. कापडगिरण्यांचं गाव. तिथली पोरं बाराव्या वर्षी 'हाफ-टायमर' म्हणून गिरणीत लागायची, अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. (ही पद्धत मोडली ती १९१८च्या शिक्षण कायद्यानं.) पगार झाला की पोरगा असो वा पोरगी, पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायचं. याला तिकडे 'टिप अप' म्हणत. एलिझाबेथ रॉबर्ट्स या इतिहासकार बाईंनी प्रेस्टन, लँकेस्टर आणि बॅरो या गावांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं केलं आणि १९८४ साली त्यावर पुस्तक काढलं. त्या आठवणींत हे न फोडलेलं पाकीट पुनःपुन्हा येतं. आई ते फोडणार आणि पोराला हातखर्चापुरतं परत देणार. कित्येक घरांत त्याचा दर ठरलेला होता, शिलिंगमागे एक पेनी. शिलिंगात बारा पेन्या. म्हणजे दहा शिलिंग कमावणाऱ्या पोरीच्या हाती दहा पेन्या यायच्या, आणि नऊ शिलिंग दोन पेन्या आईकडे राहायच्या. तिचे कपडे आई आणणार, पायातले लाकडी तळाचे क्लॉग आई आणणार, कधी आणायचे तेही आईच ठरवणार.

हे वर्षा-दोन वर्षांचं प्रकरण नव्हतं. पंचविशीतली पोरगी, रोज दहा दहा तास साच्यावर उभी राहणारी, तरी पाकीट आईकडेच. काही घरांत एकविशी उलटली किंवा लग्न ठरलं की मग बढती मिळायची. आता पाकीट द्यायचं नाही, 'बोर्ड' द्यायचा. आईशी बोलून आठवड्याचा आकडा ठरवायचा, तेवढे पैसे टेबलावर ठेवायचे, उरलेले आपले. त्या दिवसापासून क्लॉगही आपले आपण घ्यायचे. ज्या रकमेला आपण 'आईनं लावलेलं भाडं' म्हणतो, ती देऊन त्या पोरीनं आपला पगार आईकडून सोडवून घेतलेला असायचा. आकडा ठरणं हीच तिची सुटका होती.

आपल्या गिरणगावात हा प्रश्न निराळ्या वाटेनं सुटला. तिथले कितीतरी गडी कोकणातून नाहीतर घाटावरून एकटे आलेले, आई गावाला, जेवण खानावळीत. खानावळवालीचा महिन्याचा आकडा पक्का, तो दिला की उरलेल्यातून गावी मनीऑर्डर. आई एवढी लांब असली की पगार आपोआप मुलाच्याच हातात पडतो.

पण आईला मुलांच्या पगारावरचा हा हक्क मुळात आला कुठून? कायद्याच्या पुस्तकात तो बापाचा म्हणून लिहिला आहे. विल्यम ब्लॅकस्टोन यांनी इंग्रजी कायद्यावर चार खंडांचं भाष्य लिहिलं, त्याचा पहिला खंड १७६५चा. त्यात ते सांगतात की मुलं बापाच्या घरात राहतात आणि बाप त्यांना पोसतो, तोवर त्यांच्या श्रमाचं फळ बापाचं. आणि लगेच पुस्ती जोडतात की हा हक्क नोकरावर किंवा हाताखालच्या उमेदवारावर असतो त्याहून तसूभरही मोठा नाही. हे वाचून मी थबकलो. या हक्कात रक्ताचा संबंधच नाही. तो ताटातून येतो. जो जेवू घालतो, कमाई त्याची.

आणि हेच सूत्र, सात समुद्र ओलांडायची गरज न पडता, आपल्या घरात बसलेलं होतं.

हिंदू कायद्यातल्या मिताक्षरेच्या परंपरेत एकत्र कुटुंबातल्या माणसानं कुटुंबाच्या पैशाला हात न लावता काही मिळवलं तर ते त्याचं. कुटुंबाच्या पैशाच्या जोरावर मिळवलं तर ते सगळ्यांचं. शेत, दुकान, सावकारी इथवर हे सरळ होतं. एकोणिसाव्या शतकात घराघरांतून वकील, डॉक्टर, मुन्सफ निघायला लागले आणि घोळ झाला. पोराला विलायतेला पाठवलं ते घरच्या पैशानं. तो बॅरिस्टर होऊन खोऱ्यानं पैसा ओढायला लागला, तर तो पैसा कुणाचा? त्याचा, की गावी वाडा सांभाळणाऱ्या थोरल्या भावाचाही? कोर्टांनी मग एक रेघ ओढली. लिहिण्यावाचण्यापुरतं मामुली शिक्षण घरानं दिलं असेल तर कमाई मुलाची. खास धंद्याचं शिक्षण घरच्या पैशानं झालं असेल तर ती कुटुंबाची. मामुली कुठे संपतं आणि खास कुठे सुरू होतं, यावर वकिलांच्या पिढ्या जगल्या. त्या वकिलांची स्वतःची फी कुणाची, हाही प्रश्न तितकाच खरा होता.

१९२१ साली असा एक वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत पोचला. मुलगा साधासुधा नव्हता, आयसीएस झालेला, म्हणजे साम्राज्यातल्या सगळ्यांत रुबाबदार नोकरीतला. त्याची तयारी घरच्या पैशानं झाली होती. लंडनच्या न्यायमूर्तींनी निकाल दिला की त्याची कमाई एकत्र कुटुंबाची. जिल्ह्यावर हुकूम चालवणारा साहेब, आणि स्वतःच्या पगाराच्या बाबतीत मात्र प्रेस्टनच्या त्या साच्यावरच्या पोरीच्याच रांगेत!

हा गुंता सोडवायला पुढे सरसावला तो एक मराठी माणूस, मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी विधेयक लावून धरलं आणि १९३० साली 'हिंदू विद्याधन कायदा' झाला. अगदी छोटा कायदा, दोनतीन मिनिटांत वाचून होतो. शिक्षण कुटुंबाच्या पैशानं झालं, एवढ्यावरून कमाई कुटुंबाची ठरणार नाही, असं तो म्हणतोच. त्यापुढचं कलम मला जास्त आवडतं. शिकत असताना त्याचं किंवा त्याच्या बायकामुलांचं पोट कुटुंबाच्या पैशावर भरलं, एवढ्याही कारणानं ती कमाई कुटुंबाची होणार नाही. म्हणजे ताट आणि पगार यांच्यातली गाठ कायद्यानं नाव घेऊन कापली. जयकरांना आपण पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो. आपल्या पगाराची चिठ्ठी फक्त आपल्या नावावर असते, यातही त्यांचा हात आहे, हे सहसा कुणाला ठाऊक नसतं. १९३९ साली ते त्याच प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर जाऊन बसले, ही त्यातली गंमत.

लँकेशरमध्ये असा कायदा कुणी केला नाही. तिथे काम केलं बाजारानं. मायकेल अँडरसन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८५१च्या जनगणनेचे कागद धरून प्रेस्टनची घरंच्या घरं उलगडून पाहिली आहेत. गिरणीत पोरांना इतकी मजुरी मिळत होती की आईबापांशी जमलं नाही तर शेजारच्या गल्लीत पैसे भरून राहता येत होतं. पुष्कळ घरांत असे बाहेरचे 'लॉजर' ठेवलेले असतच. त्यामुळे आईनं फार ताणलं तर पोरगा उठून दुसऱ्या आईच्या टेबलाशी जाऊन बसणार, हे दोघांनाही कळत होतं. बोर्डचा आकडा मायेनं ठरायचा खरा, पण शेजारचा दर काय चाललाय याकडे एक डोळा ठेवून.

आईच्या बाजूनं पाहिलं की चित्र आणखी पालटतं. सीबोम राउंट्री हा चॉकलेटच्या कारखानदाराचा मुलगा. त्यानं १८९९ साली यॉर्क शहरातली मजुरांची घरं पालथी घातली आणि १९०१ साली पुस्तक काढलं. शहरातले जवळजवळ २८ टक्के लोक दारिद्र्यात आहेत, हा त्यातला आकडा गाजला. मला त्याचा आलेख जास्त हलवून गेला. मजुराच्या आयुष्याची एक नागमोडी रेघ. लहानपणी ती दारिद्र्यरेषेच्या खाली. कमावता झाला आणि अजून घरीच आहे, तेव्हा वर. लग्न होऊन पोरं झाली की पुन्हा खाली. ती पोरं कमवायला लागली की पुन्हा वर. ती लग्न करून गेली आणि हात थकले की शेवटची घसरण. म्हणजे आईच्या संसारात बऱ्यापैकी खाण्यापिण्याची वर्षं एकदाच यायची, पोरं कमावती आणि अजून बिनलग्नाची असताना. लेकीचं लग्न ठरलं की आईच्या घरातून एक पगार उठून जायचा. तिला त्या वेळी आनंदही झाला असेल आणि पोटात गोळाही आला असेल. आणि बोर्डचा आकडा ठरवायला समोर बसलेली पोरगी जे सोडवून नेत होती, ते आईच्या त्या चार बऱ्या वर्षांतूनच.

मग या टेबलाशी तिसरा माणूस येऊन बसला, सरकार. मंदीच्या काळात, नोव्हेंबर १९३१मध्ये, ब्रिटिश सरकारनं 'मीन्स टेस्ट' आणली. बेकारीचा विमा संपलेल्या माणसाला भत्ता द्यायचा, पण आधी त्याच्या घरात एकूण किती येतं ते मोजून. घरातल्या कमावत्या मुलामुलींचा पगारही त्यात धरायचा. मुलाची कमाई वाढली की बापाचा भत्ता कापला. तपासनीस घरी यायचा, कोण कोण राहतं, कोण किती आणतं ते विचारायचा, घरातल्या सामानावरून नजर फिरवायचा. ज्या मुलानं घासाघीस करून आपला पगार सोडवून घेतला होता, त्याच्या पगारावर आता सरकारनं बापाला टाकलं. लोकांनी उपाय काढला तो कुणीही काढला असता. मुलानं घर सोडायचं, निदान सोडल्यासारखं दाखवायचं. जॉर्ज ऑरवेल १९३६ साली विगनला जाऊन राहिला आणि ही कसोटी घरं कशी फोडते ते त्यानं पुढच्या वर्षीच्या पुस्तकात लिहिलं. कमावती मुलंच काय, पेन्शनवाले म्हातारेसुद्धा घराबाहेर पडत होते. १९३५च्या सुरुवातीला भत्त्याचे नवे दर आले तेव्हा दक्षिण वेल्समध्ये एवढी माणसं रस्त्यावर उतरली की सरकारला ते दर थांबवावे लागले. अख्ख्या घराची कमाई मोजायची ही पद्धत सुटली ती युद्धाच्या काळात, १९४१ला. १९४८ला तर आईबापांना पोसायचं सज्ञान मुलांवरचं कायदेशीर बंधनही गेलं. ते राणी एलिझाबेथच्या काळापासून, १६०१च्या गरीब-कायद्यापासून चालत आलं होतं.

सरकार असं घुसायला उत्सुक, तर कोर्ट आईलेकींच्या हिशेबापासून लांब पळणारं, परक्याच्या नव्हे. १९५५ सालचा एक खटला. एका घरात मालकीणबाई, त्यांची नात आणि पैसे देऊन राहणारी एक बाई अशा तिघी रविवारच्या वर्तमानपत्रातली स्पर्धा मिळून भरायच्या, नाव मालकीणबाईंचं. एकदा ७५० पौंडांचं बक्षीस लागलं आणि मालकीणबाईंनी हात आखडला. पैसे देऊन राहणारी कोर्टात गेली आणि तिसरा हिस्सा, २५० पौंड, घेऊन आली. आता १९६८चा दुसरा खटला, यात आई आणि लेक. लेक वॉशिंग्टनमध्ये भारतीय वकिलातीत नोकरीला, आई त्रिनिदादला. बॅरिस्टर हो, महिना २०० डॉलर देते, म्हणून आईनं तिला लंडनला धाडलं. लेक अमेरिकी डॉलर समजून निघाली, आईच्या मनात वेस्ट इंडीजचे डॉलर होते! पुढे आईनं लंडनला घर घेतलं. लेक त्यात राहायची, उरलेल्या खोल्यांच्या भाड्यावर तिचा खर्च भागायचा. मग बिनसलं आणि आईनं घर परत मागितलं. तीनपैकी दोन न्यायमूर्ती म्हणाले की आईलेकींचं बोलणं हा करारच नव्हे. तिसऱ्यांना तो करार वाटला, पण त्यांच्या मते त्याची मुदत सरली होती. घर आईचं. आजही तिथल्या मुलानं आईला दर महिन्याला बोर्ड दिला म्हणून तो काही पक्का भाडेकरू होत नाही. आईच्याच घरात, तिच्याबरोबर राहणाऱ्याला घराबाहेर काढायला कोर्टाचा हुकूमही लागत नाही, वाजवी मुदत दिली की झालं.

मात्र आईबाप आणि मुलं यांच्यातला हिशेब कागदावर कधी आलाच नाही, असं मुळीच नाही. तो यायचा उलट्या दिशेनं. १२८१ साली बेडफर्डशरमधल्या क्रॅनफिल्ड गावच्या एलियास नावाच्या शेतकऱ्यानं जमीन मुलाच्या नावे केली, तेव्हा गावच्या न्यायसभेच्या दप्तरात अटी लिहून ठेवल्या. मुलानं आईबापांना आपल्या घरात ठेवायचं, नीट खाऊपिऊ घालायचं. आणि देव न करो, पण भांडण होऊन एकत्र राहणं अशक्य झालं, तर त्यांना वेगळं घर, परसू आणि दरवर्षी गहू, बार्ली, घेवडा-वाटाणा, ओट असं धान्य मोजून द्यायचं. किती गहू, किती बार्ली, सगळे आकडे लिहिलेले. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या बापाला आपल्या पोराची पुरती ओळख होती. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला, त्याचं २३वं कलम याच जातीचं आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे घर केलं आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. एलियासला ते वाचून दाखवलं असतं तर त्यानं मान डोलावली असती, आणि धान्याचे आकडे का नाही घातले म्हणून विचारलंही असतं.

सरकार मात्र त्या टेबलावरून पुरतं उठलेलं नाही. आज ब्रिटनमध्ये आईला घरभाड्यासाठी 'युनिव्हर्सल क्रेडिट'ची मदत मिळत असेल आणि घरात एकवीस वर्षांवरचं मूल राहत असेल, तर काही अपवाद सोडता त्या मदतीतून महिना साधारण ९० पौंड कापले जातात. मूल तेवढे देतच असणार, असं गृहीत धरून. ते खरोखर देतं का, हे कुणी विचारत नाही. अशा घरातल्या आईनं मुलाकडे पैसे मागितले तर तिच्या मायेचं मोजमाप काढण्यात काय अर्थ आहे?

राहता राहिले आपण, मुलाकडून भाडं घेणाऱ्या आईला नावं ठेवणारे. दरवर्षी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या कंपन्या कर्मचाऱ्यांकडे भाडेपावत्या मागतात. घरभाडे भत्त्यावरची करसवलत हवी तर भाडं भरल्याचा पुरावा हवा, आणि घर आईबापांच्या मालकीचं असलं तरी त्यांना भाडं देऊन ही सवलत रीतसर घेता येते. त्यामुळे पुण्या-मुंबईतली कितीतरी सुसंस्कृत मुलं दर महिन्याला आईच्या किंवा बाबांच्या खात्यात भाडं टाकतात. बाबा ते आपल्या उत्पन्नात दाखवतात, त्यातून तीस टक्के वजावट घेतात. भाडं वर्षाला एक लाखावर गेलं तर मुलाच्या अर्जावर घरमालक म्हणून आईचं नाव आणि पॅन नंबर येतो. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही. ती प्रणाली निवडलेल्या मुलांचं आईला भाडं देणं बहुधा बंदच झालं असेल. जेवण चालू आहे.